अक्कांचं लाटणं

लाटण्याचं एक टोक इंजिनावर आणि दुसरं कानाला लावून, डोळे मिटून उभी राहिलेली बाई मी आयुष्यात एकच पाहिली. सर्जापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये. पहिल्यांदा मला वाटलं, बाईंना चक्कर आली आहे. मी धावले, तर डोळे न उघडता म्हणाल्या, "स्वल्प गप्प राहा गं. पंपाचं बेअरिंग काय म्हणतंय ते ऐकू दे." या आमच्या अक्का.

अक्कांचं घराणं बेंगळुरात किती पिढ्यांचं, ते त्यांनाही सांगता येत नसे. उमेदीची सगळी वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. "जन्मभर लोकांच्या लायनीतली खरखर ऐकली, मग हिची ऐकायला काय झालं?" ही म्हणजे यजमानांच्या मागे राहिलेली जुनी, उंच, डिझेलवर धावणारी गाडी. बाजूच्या चकचकीत गाड्यांत ती लग्नात आलेल्या पैलवानासारखी दिसायची. अक्कांचा नियम एकच: आधी ऐकायचं, मग वास घ्यायचा, मग बघायचं, पाना सगळ्यांत शेवटी. माझी पद्धत त्याहून सोपी होती. मी थेट गॅरेजला फोन करायची.

गाडीखाली रोज रात्री त्या एक पुठ्ठा सरकवून ठेवत आणि सकाळी कॉफीचा पेला हातात घेऊन तो वाचत. हिरवा डाग म्हणजे रेडिएटरचं पाणी, लालसर म्हणजे स्टिअरिंगचं तेल, काळा म्हणजे इंजिनाचं. गाडीचं वयच असं, की निदान एखादा ठिपका असायचाच. "कुठे दुखतंय ते सांगते बिचारी," अक्का म्हणायच्या, "माणसं कुठे एवढी सरळ सांगतात?" आजही माझ्या गाडीखाली पुठ्ठा असतो.

मग गाडी तापायला लागली. बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमध्ये दोनदा वाफा काढत उभी राहिली. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून लगेच मान हलवली: इंजिन उघडावं लागेल, त्यापेक्षा भंगारात द्या. अक्कांचा मुलगा श्रीकांत तेव्हा त्यांना म्हैसूरला आपल्याकडे न्यायला आला होता. तो म्हणाला, "अम्मा, तू ये. ही नको." भंगारवाल्याशी त्याने बोलूनही ठेवलं. अक्कांचा चेहरा उतरलेला मी त्या दिवशी पाहिला. मला श्रीकांतचा असा राग आला की त्याला चहासुद्धा विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी अक्का कामाला लागल्या. तेलाच्या झाकणाखाली साय धरलेली नव्हती, म्हणजे तेलात पाणी शिरलेलं नव्हतं. धूर स्वच्छ, पट्टा घट्ट, पंप लाटण्यातून गुणी मुलासारखा बोलला. "मग वारा कुठे अडतोय?" असं पुटपुटत त्या देवघरातली उदबत्ती घेऊन आल्या. इंजिन सुरू ठेवून ती त्यांनी पुढच्या जाळीसमोर धरली. वरच्या बाजूला धूर सरसर आत ओढला गेला. खाली मात्र तसाच तरंगत राहिला.

जाळी उतरवली. रेडिएटर आणि एसीची जाळी यांच्या फटीत झेंडू आणि शेवंतीच्या पाकळ्यांचा लगदा गच्च बसला होता, कित्येक आयुधपूजांचा. दर दसऱ्याला अक्का स्वतः गाडीच्या तोंडावर हातभर जाडीचा हार बांधायच्या आणि तो वाळून गळेपर्यंत काढायच्या नाहीत. "अय्यो, मीच की गं हिचा गळा आवळला!" म्हणून त्या खाली फरशीवर बसून खो खो हसल्या. मग ब्रश आणि पाण्याची नळी घेऊन आम्ही फट धुतली. जाता जाता रेडिएटरच्या ठिबकणाऱ्या नळीची क्लिपही त्यांनी बदलली.

श्रीकांतला त्यांनी सुनावलं, "हिला नंदी बेट्टाचा डोंगर चढवते. उकळली तर तूच वीक. नाही उकळली तर ही माझ्याबरोबर म्हैसूरला येणार." श्रीकांत मागच्या सीटवर पाण्याचे कॅन घेऊन बसला. वळणामागून वळण येत होतं, मी तापमानाच्या काट्यावरून नजर काढत नव्हते आणि अक्का जुनं कन्नड भजन गुणगुणत गिअर बदलत होत्या. काटा मध्यावरून हलला नाही. वर पोचल्यावर मी टाळ्या पिटल्या, ओरडलेसुद्धा. अक्कांनी शांतपणे एक कॅन उघडून श्रीकांतपुढे धरला. "आणलंयस तर पी आता. घसा सुकला असेल."

तो पाणी प्यायला आणि तिथूनच भंगारवाल्याला फोन करून नको म्हणाला.

जायच्या दिवशी अक्का स्वतः गाडी चालवत गेल्या, श्रीकांत शेजारी बसून. रॅम्पवर त्यांनी हॉर्न असा दणकून वाजवला की वॉचमनने सलामच ठोकला. "सरी, बरं तर, येते गं!" एवढंच म्हणाल्या. माझे डोळे भरून आले होते आणि मी हसतही होते. खाली त्यांच्या रिकाम्या जागेत पुठ्ठा पडला होता आणि त्यावर माझ्यासाठी ठेवलेलं लाटणं. मी पुठ्ठा उचलून उजेडात नेला, त्यांच्यासारखाच नीट वाचला.

एकही डाग नव्हता.