पायाळू भगवंताची उलटी आतडी

पातूरचा भगवंत वांगी पिकवायचा, पण त्याच्या दारात गर्दी व्हायची ती त्याच्या पायासाठी. तो पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेला. अशा माणसानं कमरेत लाथ मारली की उसण निघते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. एक फौजदारसुद्धा त्याच्या ओट्यावर पालथे पडून लाथ खाऊन गेले. भगवंतानं कधी काही घेतलं नाही. फौजदाराला लाथ मारायला मिळते, आणखी काय पाहिजे?

त्याचं स्वतःचं पोट मात्र लहानपणापासून अधूनमधून पिळवटायचं. एकसष्ट साली ते असं दुखलं, की हिरव्या उलट्या सुरू झाल्या. बायकोनं, शकुननं, त्याला बसमध्ये घालून अकोल्याच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर म्हणाले, "याची आतडी जन्मापासूनच उलटी बसलीत. आता त्यांना पीळ पडलाय. आज पोट उघडलं नाही, तर माणूस हातचा जाईल."

भगवंत तशा कळांतही उठून बसला. "मी उलटा जन्मलो म्हनून पायाले गुण हाय. तुमी आतून सुलटं केलं तं गुण जाईन. मंग लोकायनं कुठं जावं?"

"अन् तुमी मेले तं मी नुसता पाय घरी नेऊ काय?" शकुन कडाडली, आणि लगेच रडायलाच लागली. "मले तुमी पाह्यजे हो. लोकायच्या कमरा गेल्या खड्ड्यात!"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "मी फक्त पीळ काढतो. उलटी मांडणी तशीच राहील." खरोखर तसंच करतात म्हणे. तरी देवाची शपथ घ्यायला लावूनच भगवंत टेबलावर चढला.

ऑपरेशन नीट झालं. पण पेज प्यायला सांगितली, तर हा पायांकडे बघत पडून. "गुण गेला," एवढंच म्हणे. दोन दिवस घोटभरही घेईना. शकुन हात जोडून थकली.

शेवटी डॉक्टर खोलीत आले, दार लावलं आणि म्हणाले, "भगवंतराव, वाकून वाकून मलाच उसण भरली." आणि शेजारच्या रिकाम्या खाटेवर पालथे झाले. एका हातानं टाके आणि दुसऱ्यानं शकुनचा खांदा धरून भगवंतानं त्यांच्या कमरेला तीनदा पाय लावला.

"गेली!" डॉक्टर ताडकन उठले. भगवंतानं पेज मागितली.

शकुन वाटी आणायला बाहेर पडली, तर व्हरांड्यात डॉक्टर कमरेवर हात ठेवून, भिंत धरधरून चाललेले. तिला पाहताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. तिनं त्यांना वाकून नमस्कार केला.

ती परतली तेव्हा भगवंत उशीला टेकून बसला होता. "पाह्यलं? हाय अजून गुण."

"हाय तं," शकुन म्हणाली, आणि पेजेची वाटी त्याच्या तोंडाला लावली.