सरांच्या जिताड्यासाठी दोरी

मी आयुष्यात सगळ्यात जास्त ज्यांचा ऋणी आहे, ते आमच्या तालुक्याच्या शाळेत विज्ञान शिकवणारे सर. माझे वडील भाताच्या गिरणीत पोती उचलायचे. दहावीनंतर मीही तिथेच उभा राहणार हे घरात ठरलेलं होतं, इतकं ठरलेलं की त्यावर कधी बोलणंही झालं नव्हतं. सर संध्याकाळी खाडीवरून परतताना आमच्या ओट्यावर येऊन बसायला लागले. शिक्षणाबद्दल अवाक्षर नाही. जिताडा मासा कुठे उसळला, भरती कशी चढली, एवढंच बोलायचे आणि उठताना म्हणायचे, "मग, पोराला कॉलेजात कधी घालताय?" शेवटी वडील वैतागून आईला म्हणाले, "या मास्तरला ओट्यावरून उठवायचा तर पोराला कॉलेजात घालावंच लागेल." आमच्या घरातला पहिला पदवीधर असा झाला. आज मी मरोळच्या औद्योगिक वसाहतीत क्रेनचे पट्टे आणि वायररोप तपासणाऱ्या एका लहानशा प्रयोगशाळेत काम करतो आणि मुलुंडला राहतो.

सर कधीचे निवृत्त झाले, पण खाडी सुटलेली नाही. रॉड, रीळ असलं त्यांच्याकडे काही नाही. लाकडी फळकुटाला गुंडाळलेली तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, हाताने भिरकावतात आणि मासा लागला की हातानेच ओढतात. यंदा त्यांचा फोन आला.

"अरे, विणलेली दोरी निघाली आहे म्हणे. केसाएवढी बारीक, आणि म्हैस बांधली तरी तुटत नाही. शेजाऱ्यांनी मोबाईलवर दाखवली. ब्रेड म्हणतात तिला. तुझ्या मुंबईत मिळेल ना?"

"मिळेल, सर."

"आणि तिच्या टोकाला जाड दोरीचा तुकडा जोडतात, लीडर की काय, तोही बघ. गेल्या वर्षी जिताड्याने कल्ल्याच्या झाकणाने माझी तंगूस कापली. चांगला मांडीएवढा होता रे. एकदा असला हातात येऊ दे, मग ठेवतो फळकूट माळ्यावर. निवड तू कर. माझं तुझ्यावर सोडलं."

सरांनी माझ्यावर काही सोडण्याची ही पहिलीच वेळ. मी हुरळून गेलो असतो, पण त्यांचा हात डोळ्यांसमोर आला. सरांना जुनी साखर आहे. बोटं बधिर झाली आहेत. गेल्या पावसाळ्यात उजव्या अंगठ्यात गळ रुतला, तो सदऱ्याला रक्त दिसेपर्यंत त्यांना कळलाच नाही, आणि ती जखम दिवाळीपर्यंत ओलीच होती. पुन्हा असं झालं तर बोट राहील याची खात्री देत नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. त्यामुळे माझा प्रश्न एकच होता, आणि तो मी जाईन तिथे एकाच वाक्यात विचारला: साखरेच्या, बधिर बोटांच्या म्हाताऱ्या माणसाला हाताने जिताडा ओढायचा असेल, तर दोरी कुठली द्यावी?

या एका प्रश्नाला मुंबईच्या उपनगरांत उत्तर नाही. बाकी सगळ्याला आहे.

आधी मी अंधेरीच्या एका दुकानात गेलो. दुकान कसलं, देव्हाराच. काचेच्या कपाटात रिळं ठेवलेली, वरून दिवे सोडलेले, आणि मालक आवाज खाली आणून बोलणारा.

"चार धाग्यांची विणलेली देऊ की आठ?" त्याने विचारलं. "आठची एकदम सिल्की. रॉडच्या कड्यांतून जाताना आवाजसुद्धा येत नाही."

"रॉडच नाही. ते हाताने ओढतात."

"मग आधी रॉड घ्या."

"बोटं बधिर आहेत हो त्यांची."

"मग हलका रॉड घ्या." त्याने दुसरा डबा उघडला. "ही बघा, ठरावीक अंतरावर रंग बदलते. दोरी किती बाहेर गेली ते रंगावरून कळतं."

आमच्या सरांना दोरी किती बाहेर गेली ते दोरीकडे बघून कळतं, असं मी म्हणालो नाही. मी गावाकडचा, दुकानदाराला उलट बोलायला आम्हाला अजून जड जातं. निघताना त्याने मोठ्या मनाने मला हौशी मासेमारांच्या ग्रुपवर घातलं. "तिथे एक्सपर्ट आहेत," म्हणाला.

होते. बोरिवलीपासून घाटकोपरपर्यंत पसरलेले होते. त्यांच्या ग्रुपवर माशाचा फोटो क्वचित, आणि आलाच तर मागच्या सीझनचा. रिळांचे फोटो मात्र रोज: रीळ संगमरवरावर, रीळ बाल्कनीत, रीळ गाडीच्या बॉनेटवर. जिताड्याला जिताडा म्हणण्याची तिथे बंदीच असावी. सगळे त्याला 'बारा' म्हणायचे, बारामुंडी या इंग्रजी नावातलं. जिताडा म्हटलं की मासा बाजारातला होतो, आणि मग इतक्या लांबून मागवलेल्या दोरीची शोभा काय राहिली?

ग्रुपचा प्रमुख बोरिवलीचा, घरं सजवून देण्याचा व्यवसाय करणारा. सगळे त्याला कॅप्टन म्हणायचे. मी प्रश्न टाकल्यावर त्याने बोलूनच उत्तर पाठवलं.

"हाताने? दादा, कुठल्या जमान्यात आहेत तुझे सर? ब्रेड घे, डोळे मिटून. पातळ घे, लांब जाते."

"लांब नको आहे. हाताला काय होईल ते सांगा."

"लीडर फ्लोरोचा बांध. पाण्यात अदृश्य होतो. बारा हुशार असतो यार, दोरी दिसली की गेला."

मग हात राहिला बाजूला आणि लीडर अदृश्य किती असावा यावर आठवडाभर भांडण पेटलं. एक जण म्हणे हातभर लांब, दुसरा म्हणे रॉडएवढा. जोडगाठीवरून दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. मी आणखी दोनदा विचारलं. एकाने हात जोडलेलं चित्र पाठवलं, दुसऱ्याने सरांना 'लिजंड' म्हटलं. मी लहान गावात शिकलो. आमच्याकडे वर्गात प्रश्न समजला नाही तर मुलगा खाली बघायचा. न समजलेल्या प्रश्नाचं छाती काढून उत्तर देण्याची विद्या मी इथे, या लोकांकडे पाहिली.

"रविवारी मनोरीला ये," कॅप्टन म्हणाला. "प्रत्यक्ष दाखवतो. तुझे डाउट क्लिअर."

गेलो. मनोरीच्या फेरीबोटीसाठी मार्व्याच्या धक्क्यावर मंडळी जमली तेव्हा मला वाटलं, मासे धरायला नाही, सीमेवर निघालेत. खिशांनी भरलेली जाकिटं, गळ्यापासून नाकापर्यंत ओढलेले कपडे, काळे चष्मे, कमरेला कात्री, पक्कड आणि मासा तोलायचा काटा. तोलायला मासा कोणाकडे नव्हता, काटा प्रत्येकाकडे होता. फेरीबोटीत माशांच्या पाट्या घेऊन बसलेल्या बायका त्यांच्याकडे बघून हसत होत्या, आणि यांना ते कौतुक वाटत होतं.

पलीकडे खाडीच्या कडेला दगड होते, कालवांच्या शिंपल्यांनी मढलेले, ब्लेडसारख्या धारेचे. पाणी दुधाळ चहाच्या रंगाचं. मी कडेला पाय बुडवला तर मला माझा घोटा दिसेना. त्या पाण्यात टाकण्यासाठी हे लोक अदृश्य लीडर बांधत बसले होते. दातांत दोरी धरून, गुडघ्यांत रॉड आवळून, थुंकी लावून. एकेक गाठ होईपर्यंत भरती निम्मी चढली.

कॅप्टनने पहिली फेक टाकली, लांब गेली, सगळे "झकास!" म्हणाले. दुसरी टाकली आणि गळ तळाच्या दगडात अडकला. रॉड वाकवून बघितला, निघेना. रॉड मोडेल म्हणून त्याने तो खाली ठेवला, दोरी पंजाभोवती दोन वेढे गुंडाळली आणि मागे झुकून ओढली. तंगूस अशीच ओढतात. लहानपणी आम्ही सगळे ओढायचो. तळहातावर वळ उठायचा, इतकंच. पण ही तंगूस नव्हती. कॅप्टन ओरडला तेव्हा दोरी दिसतच नव्हती. बोटांच्या मुळाशी फक्त लाल रेघ होती, आणि ती बघता बघता रुंद झाली.

दगडांवर कालवं फोडत बसलेली एक मनोरीची बाई मान वर करून म्हणाली, "काय रं, मासा गावला का हात?"

कोणी हसलं नाही. मीही नाही. रुमाल बांधला, वरून दुसरा बांधला, तरी रक्त कोपरापर्यंत आलं. आणि तेवढ्यात कॅप्टन, पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याने, अभिमानाने म्हणाला, "पण बघितलं ना? लाइन नाही तुटली!"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. गाठसुद्धा सुटली नाही, असं एकाने वाकून पाहून सांगितलं. हात शिवून घेतल्यावर त्याच संध्याकाळी कॅप्टनने बँडेजचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं: हात गेला, लाइन नाही गेली. त्यावर अंगठ्यांचा पाऊस पडला. अंगठेच. मला सरांचा अंगठा आठवला आणि मी ग्रुप सोडला. कोणाच्या लक्षातही आलं नसेल.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं होतं, पण ते देणाऱ्यांना आपण उत्तर दिलं हे कळलं नव्हतं. कॅप्टनच्या हाताला चांगली संवेदना होती, म्हणून तो पहिल्याच झटक्याला ओरडला. सर ओरडले नसते. सर ओढत राहिले असते.

तरी मला पडताळून बघायचं होतं. सरांना नाही म्हणायचं तर नुसत्या भीतीवर म्हणता येत नाही. घरी मी स्वयंपाकघरातल्या दोन खुर्च्यांमध्ये दुधी आडवा ठेवला. पाण्याने भरलेली बादली आधी जाड तंगुशीने त्यावरून टांगली. दुधीवर खोबण पडली. मग तीच बादली, तेवढंच पाणी, दुकानातून नमुन्याला आणलेल्या ब्रेडने टांगली. मी हात काढतोय तोवर दोरी सालीतून आत गेली, बादली थोडी डुलली, आणि दुधीचे दोन तुकडे होऊन पाणी फरशीभर झालं.

बायको दारात उभी होती. "मासा राहिला बाजूला," ती म्हणाली, "संध्याकाळची भाजी मारलीत. पुसा आता."

फरशी पुसताना मला आठवीचा वर्ग आठवला, आणि पुसून झाल्यावर मी पत्र लिहायला बसलो. सरांना फोनवरून महत्त्वाचं काही सांगितलेलं चालत नाही. फोनवर माणूस हो हो करतो, असं त्यांचं म्हणणं. पार्सलमध्ये घातलेलं ते पत्र असं:

आदरणीय सर,

शिरसाष्टांग नमस्कार.

ब्रेड पाठवत नाही. तुम्ही सांगितलेलं मी ऐकलं नाही असं आजवर झालेलं नाही, म्हणून हे वाक्य आधी लिहून टाकलं.

इथे ज्यांना विचारलं त्यांनी ब्रेडच घ्या म्हटलं. ते खोटं नाही. ती तुटत नाही. पण ती किती वजनाला तुटते हा आपला प्रश्नच नाही, ती काय कापते हा आहे. आठवीत तुम्ही टेबलावर धुण्याच्या साबणाची वडी ठेवली होती. आधी जाड सुतळीने दाबली, ती रुतली नाही. मग शिवणाच्या दोऱ्याने दाबली आणि वडीचे दोन तुकडे झाले. जोर तेवढाच, जागा कमी, म्हणून दाब जास्त, असं तुम्ही फळ्यावर लिहिलंत. मी आज तोच प्रयोग दुधीवर केला. तसाच निघाला. त्या दोरीच्या एका बाजूला जिताडा असेल आणि दुसऱ्या बाजूला तुमचा हात असेल, आणि तुमच्या हाताला ते कळणार नाही.

सोबत नवी जाड तंगूस आहे. ती थोडी ताणते, त्यामुळे झटका हातावर कमी येईल. लहान गुंडाळीत त्याहून जाड तंगूस आहे. ती हातभर टोकाला जोडा, जिताड्याच्या कल्ल्यासाठी. तो तुकडा दिसेल का, याची काळजी करू नका. आपल्या खाडीत त्याला तुम्हीसुद्धा दिसत नाही. गाठ तुमची नेहमीचीच बांधा. सायकलच्या ट्यूबची कडी कापून पाठवली आहेत, ती बोटांत घाला. दोरी हाताभोवती गुंडाळू नका. फळकूट उन्हात ठेवू नका, गेल्या वर्षीची तंगूस मला वाटतं उन्हानेही खाल्ली होती.

आणि तो फारच ओढायला लागला तर फळकूट सोडून द्या. लाकडाचं आहे, तरंगेल. भरती उतरल्यावर दोघं मिळून शोधू. मी पुढच्या उधाणाला येतो आहे. ओट्यावर बसेन. तुम्ही ट्यूबची कडी घालून निघेपर्यंत उठणार नाही.

रागावला असाल तर रागवा, पण पत्राने. उजव्या हाताने लिहा. तुमचं अक्षर मी ओळखतो.

आपला विद्यार्थी