मैत्रीच्या सिनेमातली माझी मुलगी

तासगावजवळच्या आमच्या गावात लहान मुलांच्या सिनेमाचं शूटिंग झालं, तेव्हा माझी मुलगी सहावीत होती. ती वक्तृत्वात पहिली यायची, म्हणूनच तिला निवडलं असं आम्ही धरून चाललो. दिग्दर्शक घरी येऊन चहा प्याला. म्हणाला, "दोन मैत्रिणींची गोष्ट आहे, ताई. तुमची मुलगी त्यातली हुशार." सैन्यातून सुट्टीवर आलेले तिचे वडील हरखूनच गेले. आमचं स्लॅबचं घर मात्र शूटिंगला चाललं नाही. वस्तीच्या टोकाचं पडकं खोपट त्यांनी पसंत केलं.

मी तिला न्हाऊ घालून, रिबिनी बांधून न्यायचे. मेकअपवाला केस विस्कटून तोंडाला माती फासायचा.

"दोघी खेळून आल्यात, असं दाखवायचंय."

"मग ती दुसरी?"

"तिचा नंबर नंतर."

सिनेमा सांगलीला लागला, तेव्हा शाळा आणि आमची अख्खी वस्ती बघायला गेली. पडद्यावर माझी मुलगी पहिल्यापासून मळकीच होती. वर्गातली मुलं तिला बघून नाक धरत होती आणि थिएटर हसत होतं. शेवटी ती दुसरी मुलगी तिला कालव्यावर नेऊन साबणानं घासते, स्वतःचा जुना फ्रॉक देते आणि मग शेजारी बसवून घेते. टाळ्या पडल्या. जातीचा शब्द कुठंच नव्हता.

"आई, हा माझा आवाज न्हाई," ती कुजबुजली. "आणि शूटिंगला मी तिला भागाकार शिकवला होता की. ते कुठं गेलं?"

बाहेर मी दिग्दर्शकाला गाठलं. "माझ्या पोरीला धुवायला कशाला लागलं?"

"ताई, आम्ही जात काढलीच नाही. शेवट किती गोड आहे बघा," असं म्हणून तो फोटोला उभा राहिला.

सोमवारी तिच्या बाकावर कुणीतरी साबणाची वडी ठेवली. कुणी ठेवली, ते तिनं दोन दिवस सांगितलं नाही. पहिलीपासून जिच्या डब्यातलं ती खात आली, ती मैत्रीणच होती. मी शाळेत गेले, तर सर म्हणाले, "आवं, पोरांची गंमत हाय."

पुढं स्नेहसंमेलनात तोच सिनेमा दाखवून तिचा सत्कार करायचं ठरलं आणि वर्गासमोरच्या व्हरांड्यात तिच्या मळक्या तोंडाचं सिनेमाचं पोस्टर लागलं. ती एकटीच सरांकडे गेली.

"सर, मी येणार न्हाई. आणि व्हरांड्यातलं ते पोस्टर काढा."

सत्कार रद्द झाला. पोस्टर अजून आहे. वर्गात जाताना ती दुसऱ्या दारानं जाते.