पाठ टेकवली तो शनिवार

देवावर रुसलेल्या माणसानं देवाचा अनुभव लिहावा का, मला माहीत नाही. पण पाच वर्षं मी रुसले होते, खोटं कशाला बोलू? दर श्रावणात शनिवारी औरंगपुऱ्यातून खुलताबादच्या भद्रा मारुतीला अनवाणी चालत जायचे आणि वाटभर त्याच्याशी भांडायचे. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, काय बाई हिची भक्ती! कसली भक्ती अन् काय. एरवी मारुती उभा असतो, आमचा हा मारुती झोपलेला. भजन ऐकता ऐकता त्याचं भान हरपलं आणि तो तिथंच आडवा झाला, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मी रांगेतून त्याच्यापुढं पोचायचे, हात जोडायचे आणि मनात म्हणायचे, बाबा रे, त्या दुपारी तू पण झोपला होतास आणि मी पण.

ती दुपार आधी सांगायला हवी. माझं खाली ब्लाउज शिवायचं दुकान आणि वर घर. लग्नसराई होती, सकाळपासून मी मशीनवरून उठले नव्हते. जेवणं झाल्यावर आमचे हे म्हणाले, छातीत जळजळतंय, पित्त झालं बहुतेक. मी लिंबू-सोडा करून दिला. पित्त म्हटलं की लिंबू-सोडा, आमच्या घरात याच्यापुढं कुणाची अक्कल कधी गेली नव्हती. ग्लास रिकामा करून ते म्हणाले, "आता बरं वाटतंय. सकाळपासून राबतेस, पड जरा." मी आतल्या खोलीत जाऊन पडले आणि मला गाढ झोप लागली. तासाभरानं चहा टाकायला उठले, तर हे बाहेर खुर्चीत तसेच, मांडीवर पेपर. हाक मारली, हलवलं. सगळं संपलं होतं. आमच्या दोघांच्या मधे नुसता एक पडदा होता, तोही मीच शिवलेला.

त्या दिवसापासून मी दिवसा पाठ टेकवली नाही. आणि मारुतीला जायचं तर कसं, ते माझं मीच ठरवलं. वाटेत कुठं बसायचं नाही, टेकायचं नाही, दर्शनाआधी तोंडात पाण्याचा थेंब नाही. मला रक्तदाबाची गोळी आहे, तीही शनिवारी बंद. पुण्याहून लेक फोनवर ओरडायची, "आई, गोळीला कसला गं उपास?" मी म्हणायचे, तू तुझं बघ. माझी जीभ कातरीपेक्षा धारदार आहे, हे गिऱ्हाइकंच सांगतात. देवानं असलं काही मागितलं नव्हतं. मला शिक्षा हवी होती, आणि ती देणारं दुसरं कुणी नव्हतं.

गेल्या श्रावणातला दुसरा शनिवार. पहाटे शेजारच्या सुमनबाईंबरोबर निघाले. छावणी मागं पडली, शरणापूरच्या पुढं उजाडलं. पाऊस नव्हता, पण ढग इतके खाली आले होते की दौलताबादचा किल्ला नुसता पायथ्यापुरता दिसत होता, वरचं सगळं पांढरं. पुढं चाललेली माणसं त्या पांढऱ्यात शिरायची आणि दिसेनाशी व्हायची. फक्त त्यांचा मारुतीच्या नावाचा गजर ऐकू यायचा, तोही कुठून येतोय ते कळायचं नाही. घाट चढताना माझा जबडा दुखायला लागला. दाढ असेल म्हटलं. मग दोन्ही खांद्यांच्या मधे पाठ भरून आली. मशीनवर वाकून बसणाऱ्या बाईची पाठ, ती तर रोजच भरते. मळमळत होतं, ते उपाशीपोटी पित्त. बघा, एकदा शिकूनही माणूस शिकत नाही! जित्याची खोड, दुसरं काय. पाय पडत होते, पण ते माझे आहेत असं वाटत नव्हतं. मजा म्हणजे भीती अजिबात वाटत नव्हती. उलट कुणीतरी अलगद नेतंय, असं वाटत होतं.

घाट संपला की कागजीपुरा लागतो. तिथं रस्त्याकडेच्या शाळेत शहरातल्या एका दवाखान्याचं शिबिर होतं, चालणाऱ्यांचं हृदय तपासायचं. कापडी फलक, टेबलं, पांढऱ्या कोटातली माणसं. "या मावशी, दोन मिनिटं," असं कुणीतरी म्हणालं. मी मान फिरवून पुढं निघाले. आणि त्याच क्षणी, त्या शाळेच्या फाटकासमोर, माझ्या साडीच्या निऱ्या सुटल्या.

आता हे कुणाला क्षुल्लक वाटेल. पण मी शिवणारी बाई. वारीला निघताना मी निऱ्यांना दोन पिना लावते, वर आतून टाकाही घालते. उभ्या जन्मात माझी साडी कधी सुटलेली नाही, माझ्या लग्नात फुगडी खेळतानासुद्धा नाही. त्या दिवशी टाका उसवला आणि दोन्ही पिना एकदम उघडल्या. का, ते मला सांगता येणार नाही. भर रस्त्यात सगळ्या निऱ्या दोन्ही हातांत धरून मी उभी, आणि आडोसा काय तो एकच, शिबिरातला पडदा. शरमेनं लाल होऊन आत शिरले. सुमनबाईंना म्हटलं, तुम्ही व्हा पुढं, मी आलेच.

पडद्याआड एक तिशीतली बाई होती, डोक्याला ओढणी, गळ्यात दवाखान्याचं ओळखपत्र. नाव नसीम, राहणारी कागजीपुऱ्याचीच. दवाखान्याकडून गावोगाव फिरून बायकांच्या हृदयाची माहिती गोळा करायचं काम ती करते, हे मला नंतर कळलं. मी निऱ्या घातल्या, पण पिन लागेना. ज्या बोटांनी आयुष्यभर सुईत दोरा ओवला, त्या बोटांना पिन लागेना! तिसऱ्यांदा पिन पडली तेव्हा नसीम खाली वाकली आणि तिनं ती लावून दिली. लावता लावता एकेक विचारत होती, जेवण कसं, गोळ्या कुठल्या, घरात कुणाला हृदयाचं काही झालं होतं का. तिच्या कागदावरचे ते प्रश्न होते. मग म्हणाली, "दुपारी आराम करता का, मावशी?"

मी फाडकन बोलले, "नाही! पाच वर्षांत दिवसा पाठ टेकवलेली नाही. लिही तुझ्या कागदावर."

तिनं लिहिलं नाही. माझ्या कपाळाकडं बघत राहिली. मला घाम फुटला होता, थंडगार, आणि तिथं तर वारं सुटलेलं. तिनं माझं मनगट धरलं आणि हळूच म्हणाली, "मावशी, घाम कायला आलाय इतका? कॉटवर पडा जरा. छातीची पट्टी काढते, ईसीजीची. पाच मिंटं बस."

पडा जरा. तेच शब्द. मला एकदम आमच्या घरातली ती दुपार दिसली, रिकामा ग्लास, यांचा हात. मी हात सोडवून घेतला. म्हटलं, मला दर्शनाआधी टेकायचं नाही, नवस आहे माझा. आणि पडद्याकडं वळले. दोन पावलं गेले असेन, जबड्यातली कळ दंडापर्यंत उतरली. नसीमनं मागून येऊन मला धरलं. ओरडली नाही, घाबरवलं नाही. हसूनच म्हणाली, "काय मावशी तुम्ही पण! तुमचा देवच तर लेटलेला हाय तिकडं. त्याला बघायला चालल्या, अन् सोता पडायला लाजता व्हय?"

आजवर मी कुणाला उत्तराशिवाय सोडलं नव्हतं. पाच वर्षं त्या देवाचं झोपणं त्याच्या तोंडावर मारत होते, आणि ही कागजीपुऱ्याची पोरीसारखी बाई मला तेच झोपणं उलटं करून दाखवत होती. माझी कंबर आपोआप वाकली. तिनं माझं डोकं एका हातावर घेतलं आणि मला आडवं केलं.

शाळेचे पत्रे वर दिसत होते. छातीवर गार गार काहीतरी लावत होते. बाहेरून गजर येत होता, जवळ यायचा, लांब जायचा. मला वाटलं, मारुतीला असंच ऐकू येत असेल. लोक येतात, ओरडतात, मागतात, भांडतात, आणि तो असा पडून सगळं ऐकतो. शेजारी कुणीतरी पडलेलं आहे, मोठं, ऊबदार, आणि त्याचा श्वास अगदी संथ चालला आहे, असं मला स्पष्ट जाणवलं. ते हे होते की मारुती, मला कळलं नाही, आणि कळून घ्यावंसंही वाटलं नाही. मी रडत होते. दुखत होतं म्हणून नाही, पाठीला आधार मिळाला म्हणून.

शिबिरातल्या डॉक्टरबाईंनी पट्टी बघितली आणि एक गोळी चावायला दिली. मी तोंड घट्ट मिटलं, दर्शन झालं नव्हतं ना. नसीम कानाशी आली. "आजारी माणसाला आमच्यात रोजा माफ असतो, मावशी. तुमचा देव काय कमी मायाळू हाय?" मी तोंड उघडलं. ती कडू गोळी मी जिभेवर प्रसादासारखी घेतली.

पुढचं थोडक्यात. रुग्णवाहिकेनं शहरात आणलं, त्याच दिवशी हृदयाची बंद पडलेली नळी उघडली. डॉक्टर म्हणाले, बायकांना पुष्कळदा छातीत कळ येतच नाही, जबडा, पाठ, मळमळ असंच येतं आणि त्या पित्तावर ढकलतात. अजून तासभर चालला असता तर आम्हाला काही करता आलं नसतं. मी हळूच यांचं विचारलं, लिंबू-सोड्याचं, माझ्या झोपेचं. ते खोटं बोलले नाहीत. म्हणाले, वेळेवर आणलं असतं तर कदाचित. पण शेवटच्या क्षणी तुम्ही जाग्या असता तर बहुधा त्यांचा हात धरला असता, एवढंच. मी खूप रडले. पण पाच वर्षांत पहिल्यांदा ते रडणं कुठंतरी जाऊन संपलं.

रुग्णवाहिकेत चढवताना मी पिशवीतला नारळ नसीमच्या हातात कोंबला होता. दर्शन राहिलं गं, एवढंच म्हणाले होते. महिन्यानं ती घरी आली, तिच्या कामाचा भागच तो, शिबिरातून दवाखान्यात गेलेल्या बायकांची विचारपूस करायची. पर्समधून तिनं कागदाची पुडी काढली. खोबऱ्याचा सुकलेला तुकडा आणि रुईचं एक पान. "ड्यूटी सुटल्यावर गेले, मावशी. फुलवालीनं नारळ आत दिला. मी दारातून बघितला त्याला. लई शांत झोपलाय." तो तुकडा मी कपाळाला लावला. तिलाही अर्धा दिला, तिनं खाल्ला.

मग तिनं तोच कागद काढला. गोळ्या रोज? हो, शनिवारीसुद्धा. चालणं? डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच. दुपारच्या त्या प्रश्नापाशी येऊन ती थांबली आणि नुसती माझ्याकडं बघायला लागली. तिला विचारायचा धीर होईना. मीच म्हटलं, तो प्रश्न राहू दे आजच्या दिवस, संध्याकाळी फोन कर.

शरण जाणं म्हणजे खूप काहीतरी करणं, अनवाणी चालणं, उपाशी राहणं, असं मी समजत होते. आडवं होऊन मुकाट पडून राहणं मला जमत नव्हतं. त्याला ते केव्हाच जमलंय, म्हणून तर तो देव. आता भांडण मिटलं आहे. त्याला उठवावं असं वाटत नाही.

नसीम गेल्यावर मी दुकानाचं शटर ओढलं. वर आले, मधला पडदा बाजूला सारला. त्यांची खुर्ची दिसेल अशी उशी ठेवली. म्हटलं, पडते हं जरा.

संध्याकाळी फोन वाजला तेव्हाच मला जाग आली. "काय लिहू, मावशी?" नसीमनं विचारलं.

"हो लिही," मी म्हटलं.