जास्तीचं रक्त

बाईंचा उजवा हात उचलला जात नव्हता आणि जीभ जड झाली होती. वच्छलाबाई अनसिंगजवळ भाजीपाला पिकवतात. बाजारात वांगी तोलता तोलता तराजूच हातातून सुटला, असं त्यांचे यजमान शंकरराव सांगत होते. मी वाशिमला फिजिशियन आहे. स्ट्रोकचे पेशंट नेहमीचेच.

सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. म्हणजे मेंदूतल्या बारीक रक्तवाहिनीत गुठळी अडली होती. ईसीजीही बिघडलेला, हृदयालाही रक्त कमी पोचत होतं. पण बाईंना ना बीपी, ना शुगर. मग दोन्हीकडे एकदम कसं?

सीबीसीचा रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन एकोणीस. आपल्याकडे बायकांचं अकरा आलं तरी मी खूश होतो. लॅबला पुन्हा करायला लावलं. तेवढंच आलं. मी बाईंना विचारलं, "आंघोळ केल्यावर अंग खाजतं का?"

"लय खाजते," त्या अडखळत म्हणाल्या. "तुमाले कसं मालूम?"

धागा सापडला होता. पॉलिसायथेमिया व्हेरा. या दुर्मीळ आजारात हाडांतल्या मगजात लाल पेशी गरजेपेक्षा जास्त बनतात. रक्त दाट होतं आणि कुठंही अडतं. आंघोळीनंतरची खाज ही त्याचीच खूण. पहिला उपाय मात्र सोपा: थोडं रक्त काढून टाकायचं. नागपूरच्या रक्तविकारतज्ज्ञांना फोन केला. जीन टेस्टला सॅम्पल पाठवा, पण रक्त आजच काढा, असं ते म्हणाले.

शंकरराव अडून बसले. दुनिया रक्त चढवून राह्यली, अन् तुमी काढता कायले, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना शेतातल्या ड्रिपच्या नळीचं उदाहरण दिलं. आत घट्ट काही अडलं की पुढची झाडं सुकतात. तरी ते हलेनात.

शेवटी बाईच बोलल्या. "काढू द्या त्याइले. मले बोलता आलं पायजे. तुमाले भाव करता येत नाही."

रक्ताची पिशवी हळूहळू भरली, तेवढंच सलाईन आत गेलं. ॲस्पिरिन सुरू केली. दुसऱ्या दिवशी बोटं हलली. पुढच्या आठवड्यात जीभ मोकळी झाली, आणि त्यांनी पहिलं काम केलं ते वांगी स्वस्तात विकल्याबद्दल शंकररावांना झापायचं. अख्खा वॉर्ड हसला. सगळ्यात जास्त शंकरराव.

जीन टेस्टनं निदान पक्कं केलं. आता गोळ्या चालू आहेत, लागेल तेव्हा रक्त काढतो. बाई पुन्हा बाजारात बसतात. शंकरराव ओपीडीतल्या बाकावर शेजाऱ्याला अभिमानानं सांगतात, "आमच्या घरी रक्ताचा तोटा नाही."

सीबीसीत आम्ही डॉक्टर बहुतेक वेळा काय कमी आहे तेच बघतो. काय जास्त आहे, तेही बघावं.