बिनकामाची वस्तू

घरातला लॅपटॉप बंद पडला तेव्हा सगळ्यांचे चेहरे उतरले होते. सासरे म्हणाले, "अरेरे, लई कामाचा व्हता." नवरा चार्जर काढून पुन्हा पुन्हा लावून बघत होता. सासूबाई आतूनच "दुकानात दाखवा की" म्हणत होत्या. मी मान खाली घालून मेथी निवडत बसले होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, सुटले बाई एकदाची! इतकं हलकं मला लग्नानंतर क्वचितच वाटलं असेल.

तसा तो लॅपटॉप माझा होता. शेंद्र्याला एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे, तिथली नोकरी लागल्यावर हौसेनं घेतलेला. लग्न होऊन पडेगावला आले आणि तो भावकीचा झाला. भावकी म्हणजे सासऱ्यांचे भाऊ, चुलतभाऊ, त्यांची पोरं, सुना, मेव्हणे. सगळे गंगापूरकडं, ऊस आणि कापूसवाले. कुणी दवाखान्यासाठी, कुणी कोर्टाच्या तारखेला शहरात यायचं आणि जाता जाता आमच्याकडं टेकायचं. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद. "वहिनी, जरा दोन मिनटाचं काम व्हतं."

त्या दोन मिनिटांनी माझ्या आयुष्याचा किती भाग खाल्ला ते मलाच माहीत. शिष्यवृत्तीचा अर्ज, पीकविमा, जातीचा दाखला, परीक्षेचं हॉल तिकीट. फोटो अपलोड करायचा तर तो मोठा व्हायचा, लहान केला की साइट म्हणायची फारच लहान आहे. आणि सगळं भरून झाल्यावर ओटीपी ज्या मोबाइलवर यायचा, तो मोबाइल गावाकडं चार्जिंगला लावलेला! मग गावाकडं फोन, तिकडून कुणीतरी शेजारच्या पोराला हाका मारणार, तो आकडे वाचून दाखवणार, तोवर ओटीपीची मुदत संपणार. पुन्हा पहिल्यापासून. आमच्या कोपऱ्यावर ऑनलाइन कामं करून देणारं दुकान आहे. पण तिथं रांग असते, आणि घरात शिकलेली सून असताना बाहेर कशाला जायचं, हा सासऱ्यांचा सवाल.

सगळ्यात वैताग लग्नाच्या बायोडाट्यांचा. भावकीतल्या निम्म्या पोरांची लग्नं माझ्या हाताखालून गेलीत. "वर गणपती घ्या. हा नको, मोठा घ्या. उंची जरा वाढवा की वहिनी, उभा ऱ्हायला का कोण मोजायला येतंय? आन् जिरायत काढा, बागायत टाका." मी म्हणायचे, विहिरीला पाणी आहे का? तर म्हणायचे, "लागंल की." असं ते पाणी मी टाइप करून लावलेलं आहे.

तेव्हा लॅपटॉप गेला याचं मला दुःख झालं नाही, यात माझं काय चुकलं?

माझी कंपनीची बस सगळं शहर ओलांडून जाते. सकाळी पडेगावहून निघायचं आणि जालना रोडवरच्या गर्दीत मुंगीच्या पावलानं शेंद्रा गाठायचं. दिवसभर माल तपासायचा, नापास करायचा, नापास केला म्हणून सप्लायरच्या शिव्या खायच्या, पुन्हा बसमध्ये बसायचं. घरी येईपर्यंत डोक्याचा पार भुगा झालेला असतो. अशा वेळी मला काय पाहिजे? मला गाडी पळवायला पाहिजे. कॉलेजच्या होस्टेलवर एका मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर मी शर्यतीचा गेम खेळायचे आणि काय खेळायचे! पोरी बघत उभ्या राहायच्या. लग्नानंतर ते सगळं बंद झालं, कुणी बंद केलं असंही नाही. तर मला रोज एक तास पाहिजे होता. गाडी, रस्ता, वळण, आणि त्या तासात कुणीही मला हाक मारायची नाही. बास. एवढीच माझी मागणी.

दिवाळीचा बोनस आला आणि मी जेवताना जाहीर केलं की मी गेम खेळायला काहीतरी घेणार आहे. झालं! त्या दिवसापासून आमच्या घरात जे गुऱ्हाळ सुरू झालं ते थांबेचना.

नवऱ्यानं जन्मात कधी गेम खेळलेला नाही. पण त्यानं मोबाइलवर व्हिडिओ बघितले आणि आठवड्याभरात तो तज्ज्ञ झाला. सकाळी ब्रश तोंडात धरून ग्राफिक कार्ड, दुपारी फोन करून रॅम, संध्याकाळी मी बसमधून उतरते न उतरते तोच कॅबिनेटमधले पंखे. "अगं, टीव्हीला लावायचा तो कन्सोल म्हणजे नुसता डबा आहे. आहे तसा वापरायचा, त्यात आपल्याला काही बदलता येत नाही. गेमही महाग. कॉम्प्युटर घेतला तर गेमही होतो आणि कामही होतं."

आणि कामही होतं. हे ऐकलं आणि माझ्या अंगावर काटा आला.

सासऱ्यांनी लगेच उचलून धरलं. "व्हय, घ्यायची तर कामाची वस्तू घ्या." सासूबाई म्हणाल्या, "उद्या पोरीला अभ्यासाला लागंल." पोरगी तिसरीत. तिला अभ्यासाला पेन्सिल लागते आणि पाठीवर धपाटा लागतो, कॉम्प्युटर कशाला लागतोय? पण सगळ्यांचं एकमत झालं होतं. आणि चिडचिड याची की नवऱ्याचं म्हणणं तसं बरोबर होतं. कॉम्प्युटरवर गेम स्वस्त पडतात, जुने गेमही चालतात, पुढं मागं एखादा भाग बदलता येतो. मला हे सगळं त्याच्या आधीपासून माहीत होतं.

पण मला जे बोलायचं होतं ते बोलायची सोय नव्हती. "तुमच्या भावकीचे फॉर्म भरून माझा जीव गेलाय, म्हणून मला कामाची वस्तू नकोय," असं सासऱ्यांच्या तोंडावर म्हणायचं? आपल्याकडं कामाची वस्तू घरात आली की ती सगळ्यांची होते. शिलाई मशीन घेतली की गल्लीचे ब्लाउज आले, गाडी घेतली की कुणालाही स्टेशनवर सोडणं आलं. आपली एकट्याची राहते ती फक्त बिनकामाची वस्तू. हे माझं गणित पक्कं होतं, पण ते पोटात ठेवून मी वरवर भलतंच भांडत होते. कन्सोलला वायरी कमी. कन्सोल लगेच सुरू होतो. कन्सोलला धूळ कमी बसते. धूळ! नवरा माझ्याकडं असा बघायचा की हिला झालंय तरी काय.

शेवटी एका रविवारी कॅनॉटच्या बाजारात दुकानात जायचं ठरलं. मला वाटलं होतं आम्ही दोघं जाऊ. कसलं काय! सासरे निघाले, सासूबाई निघाल्या, पोरगी निघाली आणि गंगापूरहून चुलत दीर येऊन बसले, कारण सासऱ्यांनी त्यांना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. का, तर त्यांनी कॉम्प्युटरचा कोर्स केलाय. लग्नाचा बस्ता बांधायला निघावं तशी ती वरात गाडीत कोंबून बसली. पोरगी माझ्या मांडीवर, आणि माझ्याच वस्तूच्या खरेदीला मी मागच्या सीटवर दाराला चिकटलेली.

दुकानदारानं सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि विचारलं, "किसके लिए चाहिए? बच्ची के लिए?"

"मेरे लिए," मी म्हणाले.

"अच्छा, भाभीजी के लिए," असं म्हणून तो वळला आणि पुढचं सगळं नवऱ्याला सांगायला लागला. मी प्रश्न विचारायचे, उत्तर नवऱ्याला मिळायचं. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! तोवर दिरांनी एका मोठ्या काळ्या कॅबिनेटला हात लावून फर्मावलं, "हे घ्या वहिनी. याच्यावर काय बी होतंय. आमच्या गावच्या सोसायटीचा सगळा हिशेब बसंल याच्यात." सोसायटीचा हिशेब! अजून वस्तू घरात आली नव्हती आणि तिच्यात सोसायटी जाऊन बसली होती.

मी सरळ कन्सोलच्या कपाटापाशी गेले आणि दुकानदाराला विचारलं, "इसको प्रिंटर लगता है क्या?"

तो बिचारा ओशाळला. "नहीं मॅडम, प्रिंटर तो नहीं लगता."

"फॉर्म भरनेका, टाइप करनेका, कुछ होता है?"

"वो सब काम के लिए तो नहीं है मॅडम," तो म्हणाला आणि घाईघाईनं सावरून घ्यायला लागला, "लेकिन पिक्चर देख सकते, गाने सुन सकते..."

"पॅक करो," मी म्हणाले.

परतीच्या वाटेवर पोरगी आणि खोकं, दोन्ही माझ्या मांडीवर. छावणीच्या पुढं आल्यावर सासरे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आता घेतलं तर घेतलं." आमच्याकडं याचा अर्थ फार वाईट असतो.

पण मी मागं हटले नाही. हॉलमधल्या टीव्हीला कन्सोल लावला. सासूबाईंच्या मालिकेवरून थोडं वाजलं, मग असं ठरलं की त्यांची मालिका संपली की जेवणाआधीचा तास माझा. आणि काय सांगू, त्या दिवसांत मी फार सुखात होते. बसमधून उतरायचं, भाजी फोडणीला टाकायची, कुकर लावायचा आणि कन्सोलचा रिमोट हातात घ्यायचा. पहिले काही दिवस बोटं वळत नव्हती, गाडी सारखी कठड्याला जाऊन आदळायची. मग हात बसला. वळणावर ब्रेक कधी सोडायचा ते बोटांना आपोआप कळायला लागलं. पिशव्या यायच्या, पण लॅपटॉप नाही म्हटल्यावर निमूट कोपऱ्यावरच्या दुकानात जायच्या. नवरा अधूनमधून "कॉम्प्युटर घेतला असता तर" म्हणायचा, मी गाडी पळवायचे.

मग एका संध्याकाळी माझी शर्यत ऐन रंगात आली असताना चुलत दीर आले. हातात पिशवी.

"वहिनी, दोन मिनटाचं काम व्हतं. मेव्हण्याचा बायोडाटा करायचाय, परवा पाहुणे यायलेत." आणि टीव्हीखालच्या कन्सोलकडं बोट दाखवून म्हणाले, "याच्यावर व्हतं का?"

"नाय भाऊजी," मी म्हणाले. "याच्यावर होत नाही." मला मनातून केवढा आनंद झाला! याच एका वाक्यासाठी तर मी तो डबा घेतला होता.

"तरी मी म्हणत होतो," नवरा म्हणाला.

एवढ्यावर ते मिटलं असतं. पण सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि अगदी सहज म्हणाल्या, "मग मोबाइलवर कर की. तुज्या मोबाइलवर व्हतंय म्हणं सगळं."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. होतंय हे खरंच होतं. मोबाइल माझ्या मांडीशेजारीच पडला होता. चार्जिंग नाही, नेट गेलंय, कुकरची शिट्टी होऊ द्या, अशी सगळी कारणं माझ्या तोंडाशी आली. आणि मला इतका संताप आला, स्वतःचाच! एवढं महिनाभर भांडले, सगळ्या घराचं तोंड वाकडं करून घेतलं, ते कशासाठी? माझं 'नाही' दुसऱ्या कुणीतरी म्हणावं यासाठी. आणि तो डबा तर मुकाट टीव्हीखाली बसून होता.

"होतं मोबाइलवर," मी म्हणाले. "पण आत्ता मी करणार नाही. मी खेळतेय."

सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. सासूबाई आत गेल्या आणि भांडी जरुरीपेक्षा जोरात वाजायला लागली. नवरा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला, आता त्याला एकदम फार महत्त्वाचं काहीतरी सापडलं होतं.

"बरं वहिनी," दीर म्हणाले, "खेळा तुमी. मी बसतो." आणि पिशवी मांडीवर घेऊन माझ्या मागच्या खुर्चीत बसले.

अहो, काय ते खेळणं! मानेवर त्यांची नजर जाणवत होती, पिशवी चुरचुरत होती. ज्या वळणावर माझी गाडी रोज लोण्यासारखी जायची, तिथं ती दोनदा उलटली. मागचे सगळे पुढं निघून गेले. ऊठ आणि करून टाक तो बायोडाटा, बागायत लिही आणि मोकळी हो, असं आतून कुणीतरी सारखं ढोसत होतं. शेवटून पहिली येत मी ती शर्यत कशीबशी संपवली.

मागून दिरांनी घसा खाकरला. "झालं का वहिनी?"

"नाही," मी म्हणाले, आणि दुसरी लावली.