आवडी सिस्टरची सही

ठाकुरवाडीची आवडी कर्जतच्या एका खासगी इस्पितळात बावीस वर्षं नर्स होती. नर्सांनी मन मोकळं करावं म्हणून तिथे चिठ्ठ्यांची पेटी बसवली. "नाव लिहू नका, पेटी बाहेरच्या समुपदेशक बाईच उघडतील," मेट्रन प्रियाने शब्द दिला. या प्रियाला सुई धरायला, प्रत्येक नोंदीखाली वेळ टाकून सही करायला आवडीनेच शिकवलेलं. आवडीने लिहिलं, 'पेशंट गेला की दोन दिवस घास उतरत नाय.' आणि हाताच्या सवयीने खाली वेळ टाकून सही ठोकली.

सोमवारी तिला आयसीयूतून काढून चादरी मोजायला बसवलं. कारण विचारलं, तर प्रियाने तीच चिठ्ठी पुढे सरकवली. लाल शाईचा शेरा होता, 'मनाने खचलेली. आयसीयूला नको.' खाली वेळ आणि प्रियाची सही, आवडीने शिकवली होती अगदी तशी.